नाट्यगृहाचा जीर्णोद्धार आणि पिटातला प्रेक्षक

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार म्हटला की आपल्याकडे सर्वांच्या माना आदराने लवतात. वास्तू कोणाची होती, तिच्यात कोण बसत होते आणि दुरुस्तीनंतर कोण बसणार आहे, असे विचारणारा माणूस रसभंग करणारा ठरतो. तो आरोप पत्करून मी हे प्रश्न एका वास्तूच्या संदर्भात विचारणार आहे. ती वास्तू म्हणजे मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस. मी पुण्यात राहते, पुण्यात शिकवते. तरी मुंबईच्या थिएटरविषयी लिहिण्याचे कारण आहे. पुण्यातील एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडली. उद्या त्यांतले एखादे नाटकासाठी, गाण्यासाठी पुन्हा उभे करायचे ठरले, तर आपल्यापुढे नमुना म्हणून ऑपेरा हाऊसच ठेवले जाईल. तो नमुना आधी तपासून घेतलेला बरा.

प्रथम इतिहास. कलकत्त्याकडे नाटक कंपन्या चालवणारा मॉरिस बॅंडमन आणि मुंबईचे कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी चर्नी रोडजवळ हे थिएटर बांधायला घेतले. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या मुंबईभेटीत त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा काम पुरे व्हायचे होते. युरोपातील बरोक शैली, झुंबरे, बाजूचे बॉक्स असा सगळा थाट होता. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. १९३५ साली आयडियल पिक्चर्सने थिएटर घेतले आणि ते मुख्यतः सिनेमाचे झाले. १९५२ साली ते गोंडलच्या महाराजांकडे आले. टीव्ही आणि व्हिडिओच्या काळात गल्ला घटत गेला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी दारे बंद झाली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार होऊन ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. आता तेथे सुमारे ५७५ आसने आहेत. २०१७ साली युनेस्कोने या कामाचा पुरस्कार देऊन गौरव केला. पडझडीला आलेली वास्तू वाचली, हे काम मोठेच आहे. त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

सिनेमाचे थिएटर रंगमंचाचे कसे होते, हेही समजून घेतले पाहिजे. सिनेमाला पडदा लागतो आणि पडद्यामागे ध्वनिक्षेपकांपुरती जागा. नाटकाला खोल रंगमंच, दोन्ही बाजूंना विंगा, वर पडदे ओढून घेण्याएवढी उंची आणि मागे रंगपट लागतो. सिनेमाचा आवाज यंत्रातून येतो, म्हणून तो घुमू नये यासाठी भिंतींना आवाज शोषणारी आवरणे लावतात. नटाचा वा शाहिराचा उघडा आवाज मात्र छताने आणि भिंतींनी थोडा परत द्यावा लागतो. जी थिएटरे मुळात सिनेमासाठीच बांधली गेली, त्यांत हे सारे नव्याने करावे लागते. ऑपेरा हाऊसला मूळचाच रंगमंच होता. त्याचे छतही असे बांधलेले होते की, सर्वांत वरच्या गॅलरीतल्या माणसालाही शब्द ऐकू यावा. त्यामुळे तेथे परतीची वाट सोपी होती.

पण परतायचे कोणत्या सालापर्यंत? जीर्णोद्धाराचा कळीचा प्रश्न हाच आहे. शंभर वर्षांच्या वास्तूवर अनेक काळांचे थर असतात. त्यांतला कोणता राखायचा आणि कोणता खरवडून टाकायचा, हे कोणीतरी ठरवते, आणि तो निर्णय केवळ तांत्रिक नसतो. सिनेमाच्या काळात ऑपेरा हाऊसचे बाजूचे बॉक्स काढून टाकले होते. जीर्णोद्धारात जुनी छायाचित्रे पाहून ते पुन्हा घडवले गेले. म्हणजे घड्याळाचे काटे बादशहाच्या काळाकडे फिरवले गेले. बॉक्समध्ये बसणारा धनिक प्रेक्षक हा वारसा ठरला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ज्या प्रेक्षकाने स्वस्त तिकीट काढून हे थिएटर जगवले, तो वारशात बसला नाही. वास्तूच्या आयुष्यातला हा सर्वांत लांब काळ मधला बिघाड म्हणून पुसला गेला.

त्या काळाचे मोल काय होते? श्रीलंकेतील तमिळ अभ्यासक कार्तिगेसु शिवथंबी यांनी तमिळ सिनेमाविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. सगळे तमिळ लोक एका छताखाली बसले ते पहिल्यांदा सिनेमागृहात. आणि तेथे बसण्याची जागा समाजाच्या उतरंडीवरून ठरत नव्हती, खिशातल्या पैशांवरून ठरत होती, असे ते म्हणतात. महाराष्ट्राला हे कसे लागू पडते, ते सांगायला नको. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. १९२९ साली याच पुण्यात पर्वतीच्या देवळात जाण्यासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला. त्या सत्याग्रहाच्या चौदा वर्षे आधी मंडईजवळ आर्यन सिनेमा सुरू झाला होता. देवळाच्या पायरीवर जात आडवी येत होती, तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर आणे मोजले जात होते.

माझे वडील मंडईत ओझी वाहत. आठवड्याचा हिशेब झाला की पेठेतल्या एका थिएटरात पडद्याजवळच्या बाकावर बसून सिनेमा पाहणे, ही त्यांची चैन. ते म्हणायचे, दिवे गेले की सगळे सारखे. हे वाक्य मी बराच काळ अभिमानाने सांगत असे. पुढे लक्षात आले की ते अर्धेच खरे आहे. दिवे लागले की पिटातली माणसे बाजूच्या दाराने बाहेर पडत आणि बाल्कनीतली माणसे समोरच्या जिन्याने उतरत. ज्यांच्या खिशात पिटापुरतेच पैसे होते ती माणसे बहुधा कोणत्या वस्त्यांतली होती, हे सर्वांना ठाऊक होते. जात खिडकीवर विचारली जात नव्हती. ती तिकिटाच्या रंगातून कळत होती. आणि माझी आई त्या बाकावर कधीच बसली नाही. पिट हे समतेचे राज्य नव्हते. तरीही त्या बाकावरच्या माणसाला कोणी उठवू शकत नव्हते. त्याच्या हातात तिकीट होते. आपल्या समाजाच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही.

आर्यन १९१५ साली सुरू झाले. १९८३ साली ते बंद होऊन पाडले गेले आणि तेथे वाहनतळ उभा राहिला. म्हणजे आपल्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात : एक तर वास्तू पाडून मोटारी उभ्या करा, नाहीतर तिला सोन्याचा मुलामा देऊन बॉक्स परत आणा. पिटातला प्रेक्षक दोन्हीकडून बाहेरच राहतो.

दुसऱ्या वाटेवर तो का बाहेर राहतो, याला आर्थिक कारणही आहे. सिनेमाचे एकच रीळ दिवसातून चार वेळा चालते. जास्तीचा प्रेक्षक आला म्हणून खर्च वाढत नाही, म्हणून स्वस्त तिकीट मालकाला परवडते. नाटकाचा वा गाण्याचा प्रत्येक प्रयोग माणसांनी नव्याने करावा लागतो. खर्च दर वेळी तेवढाच आणि आसने थोडी. त्यामुळे सिनेमाचे थिएटर रंगमंचाचे झाले की स्वस्त बाक आपोआप नाहीसे होते. ते राहावे असे वाटत असेल तर कोणीतरी मुद्दाम राखावे लागते.

हा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या महाविद्यालयातील मुलांनी महात्मा फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ बसवले. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले होते. शहरातल्या एका सभागृहात भाड्याची चौकशी केली, तेव्हा भाडे आणि अनामत ऐकूनच मुले जिना उतरली. नाही असे कोणी म्हटले नाही. आता नाकारायला कमिटी लागत नाही, दरपत्रक पुरते. प्रयोग शेवटी वस्तीतल्या समाजमंदिरात झाला. मुले छान बोलली. पण विंग नव्हती, म्हणून पात्रे प्रेक्षकांतूनच ये-जा करत होती.

दुसरी वाट शक्यच नाही, असे मात्र नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधले. आजचे केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. त्याला लागूनच त्यांनी खासबाग हे कुस्तीचे मैदान उभारले. नाटकाचा रसिक आणि कुस्तीचा शौकीन एकाच आवारात यावा, अशी ती रचना होती. ८ ऑगस्ट २०२४ रोजी नाट्यगृह आगीत जळाले आणि ते पुन्हा उभारण्याची जबाबदारी शासनाने जाहीर केली. जी वास्तू सार्वजनिक पैशाने उभी राहते, तिच्याकडे मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे.

ती मागणी नेमकी असावी. पुण्यात वा अन्यत्र जुन्या थिएटराचा जीर्णोद्धार सार्वजनिक पैशाने होणार असेल, तर पडद्याजवळच्या काही रांगा कायम स्वस्त राहिल्या पाहिजेत. वर्षातले ठरावीक दिवस आंबेडकरी जलसा, तमाशा, पथनाट्य आणि विद्यार्थ्यांचे प्रयोग यांना नाममात्र भाड्याने मिळाले पाहिजेत. आणि दर्शनी दालनात बादशहाच्या नावाची पाटी लागणार असेल, तर शेजारी डोअरकीपर, ऑपरेटर, पोस्टर रंगवणारे आणि पिटातले प्रेक्षक यांच्या आठवणीही लागल्या पाहिजेत. ही माणसे अजून हयात आहेत, तोवरच त्या लिहून घेता येतील. आपल्या विद्यार्थ्यांना हे काम आजच देता येईल. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.