कामेन रायडर : जुना व नवा कालखंड

कामेन रायडर : जपानी दूरचित्रवाणीवरील अद्‌भुतनायकाची दीर्घायुषी मालिका. ‘कामेन’ म्हणजे मुखवटा. यावरून नावाचा अर्थ मुखवटाधारी स्वार असा होतो. मूळ कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी (१९३८–९८) यांची असून तोएई या चित्रपटसंस्थेने निर्मिलेला पहिला भाग ३ एप्रिल १९७१ रोजी प्रक्षेपित झाला. त्यानंतर नवा नायक, नवे शत्रू व नवे कथानक घेऊन ही मालिका वारंवार अवतरत आली आहे. सम्राटांच्या राजवटींना अनुसरून तिचे शोवा, हेइसेई व रेइवा असे कालखंड मानले जातात.

ही विभागणी काटेकोर नाही. सम्राट हिरोहितो यांचे निधन ७ जानेवारी १९८९ रोजी झाले व दुसऱ्या दिवसापासून हेइसेई राजवट सुरू झाली. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत चाललेली ‘ब्लॅक आरएक्स’ ही मालिका शोवा गटातच गणली जाते. १९९२ ते १९९४ या काळातील तीन चित्रपटांचीही तीच गत आहे. खरी सीमारेषा राजवटीची नसून खंडाची आहे. ‘ब्लॅक आरएक्स’ संपल्यावर सुमारे दहा वर्षे दूरचित्रवाणीवर एकही नवी कामेन रायडर मालिका आली नाही. ३० जानेवारी २००० रोजी ‘कुउगा’ सुरू झाली, तेव्हा पूर्वीचे बालप्रेक्षक स्वतः आईबाप झालेले होते. इशिनोमोरी यांचे निधन त्याआधी दोन वर्षे झाले होते.

पहिल्या मालिकेचा नायक ताकेशी होंगो हा विद्यार्थी आहे. ‘शॉकर’ नावाची गुप्त संघटना त्याला पळवून नेते व शस्त्रक्रियेने त्याच्या शरीरात नाकतोड्याचे सामर्थ्य भरते. मेंदूवर ताबा मिळवला जाण्यापूर्वीच तो निसटतो आणि ज्यांनी आपल्याला घडविले त्यांच्याविरुद्धच झुंजू लागतो. त्याचे बळ ही देणगी नसून दुखापत आहे, तसेच ते शत्रूच्याच कारखान्यातले आहे. सामान्य माणसात त्याला पूर्णपणे परतता येत नाही. युद्धोत्तर जपानमध्ये यंत्रोद्योगाने समृद्धी आणली आणि त्याच उद्योगाच्या विषारी सांडपाण्याने मिनामाता येथील रोगही आणला. त्या समाजाला ही कल्पना परकी वाटली नसावी.

जुन्या मालिका गंभीर व नव्या उथळ, असे मत जुन्या रसिकांत वारंवार व्यक्त होते. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या मालिकेतील भयकथेचा काळोख जेमतेम तेरा भाग टिकला. नायकाची भूमिका करणारे हिरोशी फुजिओका चित्रीकरणात मोटारसायकलीच्या अपघातात जबर जखमी झाले आणि चौदाव्या भागापासून ताकेशी सासाकी यांचा दुसरा रायडर आणावा लागला. याच वेळी मालिका अधिक उजळ व खेळकर झाली. हातांच्या ठरावीक हालचाली करून ‘हेन्शिन’, म्हणजे रूपांतर, असा उच्चार करण्याची पद्धतही तेव्हाच रूढ झाली. गल्लोगल्ली मुले तिचे अनुकरण करू लागली. अठ्ठ्याण्णव भाग चाललेल्या या मालिकेने खेळण्यातील कमरपट्ट्यांची व चित्रपत्त्यांची मोठी बाजारपेठ निर्माण केली. चित्रपत्ता काढून घेऊन सोबतचा खाऊ फेकून देणाऱ्या मुलांविषयी त्या काळी बराच गहजब झाला होता. व्यापार हा नव्या कालखंडाचा दोष नव्हे; तो जन्मापासूनचा सोबती आहे.

तरीही फरक आहेच. ‘कुउगा’चा नायक शस्त्रक्रियेचा बळी नाही, एक प्राचीन पट्टा तो स्वेच्छेने धारण करतो आणि पोलिसांच्या सहकार्याने लढतो. शत्रूही जग जिंकू पाहणारी संघटना नसून, नियम ठरवून माणसे मारण्याचा खेळ खेळणारी जमात आहे. मात्र नायकाचे बळ त्याच जमातीच्या बळाशी सजातीय असून अखेरीस तोही तिच्यासारखाच होईल, ही भीती कथेला व्यापून राहते. शोवातील मूळ सूत्र येथे वेगळ्या वाटेने टिकले आहे.

त्यापुढील बदल अधिक मूलगामी होता. ‘र्‍युकी’ (२००२) या मालिकेत तेरा रायडर परस्परांशीच झुंजतात. प्रत्येकाची स्वतःची इच्छा असते आणि एकच उरणार असतो. येथे रायडर हे सद्‌गुणाचे नाव राहिले नाही, ते एक साधन झाले. साधन कोणाच्या हाती आहे हा प्रश्न प्रौढ प्रेक्षकांनाही बांधून ठेवणारा होता. लहान मुलांबरोबर त्यांच्या आयाही तरुण नटांसाठी मालिका पाहू लागल्या. २००९ नंतरच्या मालिकांत नाणी, कळा, कुलुपे अशा संग्राह्य वस्तूंवर नायकाची रूपे अवलंबून ठेवण्यात आली. परिणामी काही मालिकांत कथानक नव्या खेळण्याच्या आगमनाची वाट पाहत असल्यासारखे वाटते. २०१४ च्या एका चित्रपटात तर शोवा व हेइसेई रायडरांचेच युद्ध दाखवून त्याचा निकाल प्रेक्षकांच्या मतदानावर सोपविण्यात आला.

आपल्याकडील जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईत निर्माण झालेली ‘शक्तिमान’ (१९९७–२००५) ही हिंदी मालिका. दूरदर्शनवर असल्याने ती केबल न पोहोचलेल्या गावांतही, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही, पाहिली गेली. शक्तिमानाचे सामर्थ्य योगसाधनेचे व पंचमहाभूतांचे आहे. त्यात जखम नाही, म्हणून आत्मशंकाही फारशी नाही. अनुकरणातून मुलांना होणाऱ्या अपघातांची चर्चा येथेही झाली. परंतु शक्तिमान एका नटाशी, मुकेश खन्ना यांच्याशी, एकरूप झाला. त्यांच्या जागी दुसरा उभा करण्याची सोय रचनेत नव्हती. जपानी मालिकेने अपघाताच्या निमित्ताने पहिल्याच वर्षी नायक बदलला आणि मुखवटा टिकला.

रेइवा कालखंडाचा आरंभ ‘झीरो-वन’ (सप्टेंबर २०१९) या मालिकेने झाला. तिचा विषय कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रमानवे हा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘गाव्ह’ या मालिकेचा नायक अर्धा मानव व अर्धा शत्रुवंशीय असून त्याचा सोबती शस्त्रक्रियेनेच रायडर होतो.