पोटाची मधली रेघ

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऊस दिला, उसाबरोबर वाढे दिले, वाढ्यांवर पोसलेली दुभती जनावरे दिली. परंतु ती वैरण शेतातून गोठ्यापर्यंत नेण्याची तजवीज मात्र बहुतांशी बायकांच्याच माथ्यावर सोपवली. असेच भारे वाहणारी इंदापूरकडची जी लेकुरवाळी, दुसऱ्या बाळंतपणाला वर्ष लोटल्यावर, बेंबीतली मऊ गाठ घेऊन बारामतीच्या एका इस्पितळात दाखल झाली, तिच्या सासूच्या मते ‘बेंबी जरा वर आलीय’ इतकीच ती मामुली बाब होती.

सर्जनांनी तिला उताणे निजवून नुसती मान उचलायला सांगितली, तेव्हा बरगड्यांपासून बेंबीखालपर्यंत पोटाच्या मध्यावर एक उंचवटा उभा राहिला आणि त्यात त्यांची तीन बोटे आडवी मावली. पोटाचे दोन उभे स्नायू ज्या पांढऱ्या, चिवट पट्टीने सांधलेले असतात, ती गर्भाच्या वाढीने आणि त्या काळातील संप्रेरकांच्या प्रभावाने ताणून विरळ होते. दोन सेंटीमीटरांहून अधिक अंतर राहिले की स्नायू विलग झाले असे सामान्यतः मानतात. ही पट्टी फाटलेली नसते, सैल पडलेली असते. भोक असते ते बेंबीपाशी, जिथून एके काळी नाळ गेली होती. दोन्ही विकार एकाच पोटात शेजारी नांदत असले तरी त्यांची जात निराळी, हे मला त्या तपासणीत प्रथमच नीट उमगले.

‘आणखी मूल हवंय का?’ हा प्रश्न त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर करण्यापूर्वीच विचारला होता, कारण पुढची गर्भधारणा केलेली दुरुस्ती पुन्हा उसवू शकते. परवानगी काढून मी शस्त्रक्रियागृहात उभा राहिलो. बेंबीखाली अर्धचंद्राकृती छेद, कातडीपासून हलक्या हाताने सोडवलेली पिशवी, तिच्यात उतरलेला चरबीचा पदर पुन्हा उदरात, आणि मग स्नायू व आतले आवरण यांच्यामध्ये अंथरलेली पॉलिप्रोपिलिनची जाळी, भोकाच्या कडेपलीकडे चहूबाजूंनी तीन सेंटीमीटर. अमेरिकेतील विल्यम मेयो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अंगरख्याची एक कड दुसरीवर चढवावी तशी पट्टी एकावर एक शिवण्याची रीत रूढ केली होती. पण आसपासची पट्टीच विरळ असली की नुसते टाके पुन्हा सुटण्याचा संभव वाढतो, म्हणून इथे जाळी. शेवटी बेंबीची कातडी खाली टाक्याने अडकवून तिची खळी पूर्ववत केली. तो एक टाका मला सर्वांत सुंदर वाटला.

मात्र ते तीन बोटांचे अंतर तसेच राहिले. बरगडीपासून ओटीपोटापर्यंत पट्टी चुणून शिवता येते, परंतु त्यासाठी लागणारा लांब छेद या रुग्णाला आवश्यक नाही, असा सर्जनांचा निर्णय होता. पुढचे काम व्यायामाकडे सोपवले गेले. जुन्या लुगड्याच्या पट्टीने बाळंतिणीचे पोट आवळण्याचा शिरस्ता काय किंवा दुकानातला पट्टा काय, दोन्ही आधार देतात, सांधत नाहीत. ‘ताई, उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्यानं,’ फिजिओथेरपिस्ट बाई सांगत होत्या. श्वास सोडताना बेंबी हळूच आत ओढायची, छाती फुगवायची नाही, उताणे पडून धड उचलण्याचा व्यायाम सध्या वर्ज्य. टाके पाहायला घरचे आठवणीने घेऊन येतात. या श्वासोच्छ्वासाची मात्र कुठल्याच जमाखर्चात नोंद होत नाही, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती त्याच्यावर अवलंबून आहे.

सहा आठवडे भारा उचलायचा नाही, हा हुकूम ऐकून सासूबाई बोटांवर हिशेब करू लागल्या; कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला, वाढ्यांचा हाच सुकाळ. ‘वैरण पोरगा आणील मोटारसायकलवर,’ त्या म्हणाल्या, ‘पण बाई, धार कोण काढणार?’ उकिडवे बसून दोन म्हशींची धार म्हणजे पोटावर रोज दोनदा ताण. फिजिओथेरपिस्ट बाईंनी क्षणभर विचार केला, आणि सहा आठवड्यांनंतर स्टुलावर बसून, प्रथम एकाच म्हशीची धार काढायला परवानगी दिली.