प्लग काढण्याआधी रॅमची प्रत घ्या

संगणकात कुणी घुसल्याचा संशय आला की पहिला हात जातो पॉवरच्या बटणाकडे. तपासाच्या दृष्टीने याहून मोठं नुकसान नाही. चालू प्रोसेस, उघडी नेटवर्क कनेक्शन, कधी एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही रॅममध्येच असतात. वीज गेली की सगळं पुसलं जातं. काही मालवेअर डिस्कवर फाइल न ठेवता फक्त मेमरीत चालतं. म्हणून यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण चालू ठेवा.

प्रत कशाने घ्यायची?

विंडोजसाठी विनपीमेम आहे. लिनक्सवर लाइम हे जुनं, भरवशाचं कर्नल मॉड्यूल. मात्र ते त्याच कर्नलसाठी कंपाइल केलेलं लागतं. ही कटकट नको असेल तर मायक्रोसॉफ्टने रस्टमध्ये लिहिलेलं एव्हीएमएल वापरा. प्रत बाहेरच्या ड्राइव्हवरच घ्या आणि लगेच तिचा शा-२५६ हॅश नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही हॅश द्यावा लागतो.

व्होलाटिलिटी : खरं काम इथे

रॅमची प्रत तपासणारं, २००७ साली आलेलं, पायथनमध्ये लिहिलेलं हे साधन आता तिसऱ्या आवृत्तीत आहे. त्याची ताकद दोन कमांडमध्ये दिसते. ‘पीएसलिस्ट’ विंडोजने स्वतः ठेवलेली प्रोसेसची साखळी वाचते. रूटकिट त्या साखळीतून आपली कडी सोडवून घेतं आणि यादीतून गायब होतं. ‘पीएसस्कॅन’ साखळीवर विसंबत नाही. प्रोसेसच्या नोंदीसारखी रचना अख्ख्या मेमरीत शोधते. एखादं नाव इथे आहे आणि तिथे नाही, तर थांबा. आधी प्रोसेस संपल्याची वेळ पाहा, कारण बंद झालेल्या प्रोसेसही अशाच उरतात. ती वेळ नसेल, तर संशय पक्का धरून पुढे जा.

‘मालफाइंड’ एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणारे मेमरीचे संशयास्पद भाग दाखवते. ब्राउझरसारखे निर्दोष प्रोग्रामही त्यात सापडतात, तेव्हा तिचा निकाल अंतिम मानू नका.

कमांडची सवय नसेल तर

मेमप्रोकएफएस रॅमची प्रत फोल्डर आणि फाइलींच्या रूपात उघडून देतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. जुन्या लेखांत सुचवलेल्या रेकॉलच्या नादी मात्र लागू नका. त्याचा विकास थांबला आहे.

सराव आधीच करा. व्हीएमवेअरमधलं यंत्र सस्पेंड केलं की त्याच्या रॅमची फाइल आयती मिळते. ती व्होलाटिलिटीत उघडा आणि निरोगी यंत्राची यादी कशी दिसते ते डोळ्यांखालून घाला.