तंबोऱ्यामागचे टेरी रायली

१९७० साली टेरी रायली पस्तिशीचे होते. ‘इन सी’ या त्यांच्या रचनेने अमेरिकेतल्या नव्या संगीताची दिशा बदलली होती. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने १९६८ मध्ये तिची तबकडी काढली होती आणि पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर’मुळे रॉक ऐकणारी तरुण मुलंही त्यांच्याकडे ओढली गेली होती. नाव झालं होतं, मागणी होती. नेमक्या १९७० मध्येच हा माणूस दिल्लीला आला आणि किराणा घराण्याच्या एका गवयापुढे षड्ज लावायला बसला. त्या गवयाचं, पंडित प्राणनाथांचं, १९९६ साली निधन झालं. तोवरची सव्वीस वर्षं रायली त्यांचे शिष्य होते. त्यांच्या मागे तंबोरा धरायचे, गरज पडली तर तबल्यावर बसायचे, आवाजाची साथ करायचे.

किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते, सवाई गंधर्व आठवतात, हिराबाई, गंगूबाई, भीमसेन, प्रभाताई आठवतात. या वंशवृक्षाची एक फांदी कॅलिफोर्नियात वाढली. तिची नोंद आपण फारशी ठेवली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. रायलींच्या आयुष्याकडे त्या फांदीवरून पाहिलं, तर त्यांच्याविषयी पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात सहसा सांगितलं जातं त्यापेक्षा बरंच काही वेगळं दिसतं.

त्यांचा जन्म २४ जून १९३५ चा, कॅलिफोर्नियातल्या कोलफॅक्स या सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याच्या छोट्या गावातला. पियानो हे त्यांचं वाद्य. बर्कलीच्या विद्यापीठात रचनाशास्त्राचं शिक्षण घेताना ला माँट यंग हा विलक्षण सहाध्यायी भेटला. एकच स्वर ताणून धरला तर त्याच्या पोटात काय काय ऐकू येतं, हा यंग यांचा ध्यास होता. रायलींना तो लागला आणि कायमचा राहिला. पोटासाठी मात्र ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सलूनमध्ये रॅगटाइम वाजवत. मग युरोप. तिथे अमेरिकी हवाई दलाच्या तळांवर पियानो वाजवून दिवस काढले. पॅरिसमध्ये १९६३ साली चेट बेकर या जॅझ ट्रम्पेटवादकाचं वादन ध्वनिफितीवर घेऊन, तिचे तुकडे गोल जोडून, ते एकमेकांवर फिरवत ठेवून त्यांनी ‘म्यूझिक फॉर द गिफ्ट’ तयार केलं. छोटा स्वरसमूह पुनःपुन्हा आला की कान त्यात नवं शोधू लागतो, हे त्यांना या फितींनी शिकवलं.

‘इन सी’ यातून जन्मली. ४ नोव्हेंबर १९६४ रोजी सॅन फ्रान्सिस्को टेप म्यूझिक सेंटरमध्ये ती पहिल्यांदा वाजली. वादकांत स्टीव्ह राइश, पॉलीन ऑलिव्हेरोस, मॉर्टन सबॉटनिक, जॉन गिब्सन असे पुढे स्वतःच मोठे झालेले लोक होते. तिची सगळी स्वरलिपी एका पानावर मावते. छोटे छोटे ५३ तुकडे आहेत. वाद्य कोणतं असावं याचं बंधन नाही, वादक किती असावेत याचंही नाही. रायलींच्या मते ३५ च्या आसपास असले तर बरं. प्रत्येकाने पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करायची, तो हवा तितक्या वेळा वाजवायचा, मन भरलं की पुढच्यावर जायचं. अट एवढीच की इतरांचं ऐकत राहायचं आणि दोन-तीन तुकड्यांहून जास्त पुढे किंवा मागे पडायचं नाही. लय एकत्र राहावी म्हणून पियानोच्या वरच्या सप्तकात सी हा स्वर अखंड टोचत राहतो. ती कल्पना राइश यांची. मला ही रचना ऐकताना आषाढातली दिंडी दिसते. कुणी पुढे, कुणी मागे, एकच चरण घोळवत चाललेलं, तरी सगळे मिळून एक.

आपल्या कानाला ती सोपी जाते याला कारण आहे. अखंड वाजणारा सी हा चक्क षड्ज आहे. पहिला तुकडा म्हणजे सा चा कण घेतलेला गंधार, तीनदा. दुसऱ्यात मध्यम येतो. बऱ्याच पुढे तीव्र मध्यम डोकावतो, मग कोमल निषाद, आणि शेवटचा तुकडा कोमल नि आणि पंचम यांच्यामध्ये झुलत राहतो. कुठलाही राग यात नाही, पण एकेक स्वर उघडत नेण्याचा धीर आहे. आणि हे सगळं प्राणनाथ रायलींचे गुरू होण्याच्या सहा वर्षं आधीचं. किराण्याकडे ते ओढले गेले ते अंगात आधीच असलेल्या एका ओढीने, असं मी म्हणतो ते यामुळे.

मधल्या काळात ते रात्र रात्र एकटे वाजवत. ऑर्गन किंवा सोप्रानो सॅक्सोफोन, सोबत दोन टेपरेकॉर्डर. एकावर मुद्रित झालेलं दुसऱ्यावर थोड्या उशिराने परत यायचं आणि ते स्वतःच्याच प्रतिध्वनीशी वाजवत पहाट करायचे. ‘रेनबो’मध्ये सगळी वाद्यं त्यांनी एकट्याने, थरावर थर चढवत वाजवली. त्याचा परिणाम किती दूर गेला याची एक खूण आपल्या घराजवळ आहे. ‘द हू’ या इंग्रज बँडचं १९७१ सालचं गाजलेलं गाणं ‘बाबा ओ’रायली’ दोन माणसांच्या नावांवरून आहे. एक रायली, दुसरे मेहेरबाबा. पुण्यात जन्मलेले, नगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे, तेच. गाणं रचणारे पीट टाउनशेंड हे बाबांचे भक्त.

आता प्राणनाथ. १९१८ साली लाहोरला जन्मलेला हा मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या दारात पोचला. कित्येक वर्षं घरकाम केलं, तेव्हा कुठे तालीम मिळाली. पुढे देहरादूनजवळच्या टपकेश्वरच्या गुहेतल्या मंदिरात राहून त्यांनी गाणं घोटलं. मग दिल्ली विद्यापीठात शिकवलं. मैफलींच्या जगात त्यांना म्हणावी तशी मान्यता मिळाली नाही. त्यांचं गाणं फार संथ, खर्जाकडे झुकलेलं, टाळी मागणारं नव्हे. ला माँट यंग आणि त्यांच्या पत्नी मॅरियन झझीला यांच्या पुढाकाराने १९७० च्या जानेवारीत ते न्यूयॉर्कला गेले. तिथे रायलींनी त्यांना ऐकलं आणि त्याच वर्षी त्यांच्या मागोमाग दिल्ली गाठली.

इथे जरा थांबून वहीद खाँमुळे किराण्याशी जुळलेलं हे नातं नीट पाहायला हवं. अब्दुल वहीद खाँ हे किराण्याच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांचे नात्याने भाऊ. लहानपणी ते कोल्हापूरला हैदरबक्ष खाँ यांच्याकडे शिकायला आले. हे हैदरबक्ष बीनकार बंदे अली खाँ यांचे शिष्य. वहीद खाँना कमी ऐकू यायचं, पण अतिविलंबित ख्यालात स्वरामागून स्वर बांधत जाण्याची त्यांची रीत अशी की अमीर खाँसाहेबांसारखा गवई ती ऐकून घडला. याच वहीद खाँकडे मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर शिकल्या. म्हणजे हिराबाई आणि प्राणनाथ गुरुबहीण-गुरुभाऊ. रायली हे हिराबाईंच्या गुरुभावाचे शिष्य! हे नातं लक्षात आल्यावर मी त्यांच्या सगळ्या तबकड्या पुन्हा ऐकायला घेतल्या. पनवेलच्या आमच्या खांदा कॉलनीत रात्री खांदेश्वर स्टेशनकडच्या लोकलचा आवाज विरळ झाला की हे संगीत लावावं. दिवसा ते उमलत नाही.

प्राणनाथांकडे जाताच रायलींनी जवळजवळ लिहिणं थांबवलं. सत्तरचं दशक त्यांनी स्वरलिपीत उतरवलेल्या नव्या रचनांशिवाय घालवलं. १९७१ पासून ओकलंडच्या मिल्स कॉलेजात ते शिकवत होते, तिथेही भारतीय संगीत. रोज पहाटेचा खर्ज, रागाची तालीम, गुरू अमेरिकेत आले की त्यांची सेवा. समीक्षकांनी या दशकाला खंड मानलं. मला तो त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत सुपीक काळ वाटतो. याचा पुरावा ‘श्री कॅमल’ या १९८० सालच्या तबकडीत आहे. इलेक्ट्रिक ऑर्गनची स्वरजुळणी बदलून, स्वर नैसर्गिक प्रमाणांवर बसवून, त्यांनी जे वाजवलं आहे त्यात गंधार खरोखर गंधारासारखा लागतो. पियानोचा समान अंतरांत कापलेला गंधार थोडा चढा असतो. किराण्याच्या कानाला तो खुपतो, आणि रायलींचा कान तोवर किराण्याचा झाला होता. ‘द हार्प ऑफ न्यू अल्बियन’साठी त्यांनी पियानोच नैसर्गिक स्वरांत जुळवून घेतला.

नैसर्गिक स्वरांतरांचा हा शोधही आपल्याकडे आधी होऊन गेलेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली निघालं. त्यांच्या आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या श्रुतिसंशोधनात अब्दुल करीम खाँसाहेबांनी स्वतः गाऊन मदत केली होती. कृष्णाकाठी तंबोऱ्याच्या तारेवर मोजली गेलेली अंतरं आणि कॅलिफोर्नियात ऑर्गनवर बसवलेली अंतरं यांचं गणित एकच. मिरजेच्या सतारमेकरांच्या हातांनाही ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जवारी लावणारा माणूस दुसरं करतो तरी काय?

गायक म्हणून रायली कसे, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांचं रागगायन मी ऐकलं आहे. त्यात ताना नाहीत म्हणावं इतक्या थोड्या, फिरत बेताची. सवाईच्या मंडपातला श्रोता त्यावर समाधानी होणार नाही. पण षड्ज लावून त्यावर थांबण्याची जी श्रद्धा आहे, ती अस्सल आहे, आणि ती त्यांच्या वाद्यसंगीतात पुरेपूर उतरली आहे.

मिल्स कॉलेजातच क्रोनोस क्वार्टेटचे डेव्हिड हॅरिंग्टन भेटले. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो यांच्यासाठी पुन्हा लिहा, असा त्यांनी लकडा लावला. रायलींनी ते मानलं. पुढे ‘केडेन्झा ऑन द नाइट प्लेन’, ‘सलोमे डान्सेस फॉर पीस’ अशा रचना आल्या. ‘सलोमे’ दोन तासांच्या घरात जाते. काही भाग मला सैल वाटतात, तरी त्यातल्या संथ जागा आलापीच्या जातीच्या आहेत. या सगळ्यांत मला सर्वाधिक भिडते ती ‘रेक्विएम फॉर अ‍ॅडम’. हॅरिंग्टन यांचा १६ वर्षांचा मुलगा अ‍ॅडम १९९५ साली अचानक गेला. मित्राच्या त्या दुःखासाठी रायलींनी ती लिहिली. पुढच्याच वर्षी गुरूही गेले. २००२ मधल्या ‘सन रिंग्ज’मध्ये नासाच्या यानांनी टिपलेल्या अवकाशातल्या लहरी आहेत. आयोवा विद्यापीठाचे डॉन गर्नेट यांनी त्या आयुष्यभर गोळा केल्या होत्या. रायलींनी त्यांच्याभोवती चार वाद्यं आणि गायकवृंद उभा केला.

मुलाचं नाव त्यांनी ज्ञान ठेवलं. ज्ञान रायली आज नावाजलेले गिटारवादक आहेत आणि बापलेकांनी एकत्र अनेक मैफली केल्या. २०२० च्या सुरुवातीला रायली जपानला गेले होते. महासाथीमुळे परतणं अडलं आणि मग ते तिथेच राहिले. पंचाऐंशी ओलांडल्यावरही तिथे त्यांनी राग शिकवायला घेतला, प्राणनाथांकडून आलेली तालीम जपानी विद्यार्थ्यांच्या गळ्यांवर चढवायला. २०२५ च्या जूनमध्ये त्यांना नव्वद वर्षं पूर्ण झाली.

‘इन सी’ दरम्यान जगभर फिरली. चीनमध्ये १९८९ साली शांघाय फिल्म ऑर्केस्ट्राने ती चिनी वाद्यांवर मुद्रित केली, मालीच्या वादकांनी आपल्या वाद्यांवर वाजवली, आणि २०१७ साली ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या न्यूयॉर्कच्या मंडळींनी सतार, सरोद, बासरी, तबल्यासह तिची तबकडी काढली. पनवेलमध्ये ती का वाजू नये? आमच्या खांदा कॉलनीत सिडकोच्या इमारतींमधून संध्याकाळी पेटी, तबला, बासरी, व्हायोलिन यांचे वर्ग चालतात. ३५ वादक जमवणं इथे अवघड नाही. ५३ तुकडे सरगममध्ये लिहून काढता येतात. विद्यार्थी दोन वर्षं शिकलेला असला तरी चालेल, त्याला एकच गोष्ट यायला हवी, ती म्हणजे वाजवताना शेजारच्याचं ऐकणं. वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाचा रंगमंच त्यासाठी पुरेसा मोठा आहे. अखंड वाजणारा सी पियानोऐवजी संतूरवर द्यावा, आणि मागे दोन तंबोरे असावेत, मिरजेचे, सी मध्ये लावलेले.

तोवर ज्यांना रायली ऐकायचे आहेत त्यांनी ‘श्री कॅमल’पासून सुरुवात करावी, ‘रेनबो’पासून नको. आधी हिराबाईंचा एखादा विलंबित ख्याल ऐकावा, मग प्राणनाथांची तोडी किंवा दरबारी, आणि त्यानंतर लगेच हा ऑर्गन.