संगणकभाषेची संदर्भपुस्तिका कशी रचावी?

समजा, बाभुळगावच्या एखाद्या शाळेतील शिक्षकांनी गुणपत्रके करण्यासाठी पायथन या संगणकभाषेत छोटीशी आज्ञावली लिहिली. एका विद्यार्थ्याला दोन चाचण्यांत ३४ आणि ३५ गुण आहेत. सरासरी ३४.५. ती जवळच्या पूर्णांकात बदलण्यासाठी त्यांनी 'राउंड' हे फंक्शन वापरले. आपल्या शालेय गणिताप्रमाणे उत्तर ३५, म्हणजे उत्तीर्ण. संगणक मात्र ३४ देतो!

संगणक चुकला का? नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत नियमच असा आहे की, संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये असेल तर त्यांतला सम पूर्णांक घ्यायचा. म्हणून ३४.५ चे ३४ होतात, पण ३५.५ चे ३६. प्रत्येक अर्धा वरच चढवला, तर पुष्कळ संख्यांची बेरीज थोडी फुगते. ते टाळण्यासाठी हा नियम आहे. शिक्षकांना शालेय पद्धतच हवी असेल, तर सरासरीत ०.५ मिळवून पूर्णांक भाग घ्यावा.

पण हा नियम शोधायचा कोठे? येथे संदर्भपुस्तिकेचे काम सुरू होते.

पाठ्यपुस्तक आपण पहिल्या पानापासून क्रमाने वाचतो. शब्दकोश तसा कोणी वाचत नाही. अडले की उघडायचा, हवे ते पाहायचे आणि मिटायचा. संगणकभाषेलाही ही दोन्ही पुस्तके लागतात. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांनी १९७८ मध्ये 'सी' भाषेवर पुस्तक लिहिले, तेव्हा आधी शिकवणीची प्रकरणे दिली आणि संदर्भपुस्तिका शेवटी परिशिष्टात वेगळी ठेवली. पायथनच्या कागदपत्रांतही शिकवणी, भाषेचे नियम आणि तयार फंक्शन्सचा संग्रह असे वेगवेगळे भाग आहेत.

आता प्रश्न क्रमाचा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) वर्णानुक्रमाने आहे. शब्द माहीत असेल तर अर्थ चटकन सापडतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची रचना निराळी आहे. त्यात दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे विषयवार दहा वर्ग आहेत. वस्तू ठाऊक आहे, शब्द हवा आहे, अशा वाचकाला हा क्रम सोयीचा. पायथनच्या पुस्तिकेत दोन्ही रीती आहेत. भाषेत अंगभूत असलेली फंक्शन्स वर्णानुक्रमाने दिली आहेत. बाकीचा संग्रह मजकूर, गणित, फाइली असा विषयवार लावला आहे. शिवाय सर्वांसाठी एक सूची आहे.

क्रम लागला तरी काम संपत नाही. प्रत्येक पानाचा साचाही एकच हवा. बेल प्रयोगशाळेत १९७१ मध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या पुस्तिकेने हे चांगले दाखवून दिले. तिचे सात विभाग होते. प्रत्येक नोंदीत नाव, वापरण्याची रीत, वर्णन, हेही पाहा असे ठरावीक मथळे होते. 'दोष' असाही एक मथळा होता! त्यामुळे वाचकाची नजर थेट हव्या त्या ओळीवर जाते.

आवृत्तीचा उल्लेखही तितकाच आवश्यक. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत वरच्या उदाहरणाचे उत्तर ३५ येत असे. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते ३४ झाले. आज्ञा तीच, उत्तर वेगळे. पुस्तिकेवर आवृत्ती नसेल तर बरोबर माहितीही फसवते.

आपल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण याच्याही आधी येते. फंक्शनची नावे इंग्रजी आहेत. ज्याला 'राउंड' हा शब्दच माहीत नाही, त्याला वर्णानुक्रमाचा उपयोग काय? त्याला 'जवळचा पूर्णांक कसा काढू?' या मराठी प्रश्नावरून नावापर्यंत पोहोचता आले पाहिजे. अशी सूची वर्गातच तयार करता येईल.

प्रत्येक विद्यार्थ्याने एका फंक्शनचे एक कार्ड करावे. मथळे सर्वांचे सारखे ठेवावेत: नाव, कशासाठी, लिहिण्याची रीत, काय द्यायचे, काय परत मिळते, करून पाहिलेले उदाहरण, कोठे फसगत होते, आवृत्ती, हेही पाहा. कार्डे वर्णानुक्रमाने लावावीत. मराठी प्रश्नांची विषयवार सूची वेगळ्या वहीत करावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे कार्डाचे नाव लिहावे. उदाहरण मात्र संगणकावर चालवून पाहिल्याशिवाय कार्डावर उतरवू नये.

मग परीक्षा विद्यार्थ्यांची नव्हे, कार्डांची घ्यावी. दुसऱ्या वर्गातील मुलाला एक प्रश्न द्यावा आणि घड्याळ लावावे. मिनिटभरात उत्तर सापडले नाही, तर कोणता मथळा किंवा सूचीतली कोणती नोंद कमी पडली, ते त्यालाच विचारावे.