मुलुंडचा रेणू आणि उपवासाची गोळी

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत गरमरचं लोणचं हौसेनं घालतात. बोटाएवढी मुळं सोलली की लगेच मिठालिंबाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडतात. मग त्यांवर मोहरीचा मसाला. वनस्पतिशास्त्रात हे झाड कोलियस फोर्स्कोहली. १९७०च्या दशकात याच मुळांचा अर्क मुलुंडला हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात तपासला जात होता. शोध चालला होता रक्तदाबावर आणि हृदयविकारावर उपयोगी पडेल अशा द्रव्याचा. १९७७ साली सुजाता भट, नोएल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या रेणूंची रचना प्रसिद्ध केली. त्यांतला एक म्हणजे फोर्स्कोलिन. पुढे भट पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या. हा रेणू आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरला जातो, आणि तो मुलुंडचा आहे हे मुलुंडकरांनाच ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या रेणूचं मोल १९८१ साली उलगडलं. अमेरिकेतल्या सीमन आणि डॅली यांनी दाखवलं की फोर्स्कोलिन पेशीतल्या अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देतं आणि सायक्लिक एएमपी वाढवतं. आपण उपाशी राहिलो की स्वादुपिंडातून ग्लुकागॉन निघतं. ते यकृताच्या पेशीच्या दारावर थांबतं, आत निरोप पोहोचवतं ते सायक्लिक एएमपी. मग साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर रक्तात सोडली जाते. हा निरोप्या शोधल्याबद्दल अर्ल सदरलँड यांना १९७१चं नोबेल मिळालं. फोर्स्कोलिन दार न ठोठावताच आतला निरोप्या जागा करतं. पोट भरलेलं असताना उपवासाचा एक निरोप पेशीला द्यायचा, ही कल्पना इथे रसायनाच्या रूपात हाती आली.

कमी खाऊन आयुष्य वाढतं, हे १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांवर दाखवलं. जेवण न तोडता तोच लाभ गोळीतून मिळावा या आशेनं १९९८ साली लेन, इनग्रॅम आणि रॉथ यांनी २-डीऑक्सी-ग्लुकोज पुढे आणलं. २०१० साली त्याच गटातल्या संशोधकांना दिसलं की ते दीर्घकाळ दिलेल्या उंदरांच्या हृदयाला इजा होते आणि ते लवकर मरतात. द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉलचा गवगवा झाला. त्याचा परिणाम सायक्लिक एएमपी वाढण्यातून होतो असं २०१२ साली अमेरिकी प्रयोगांत दिसलं, म्हणजे वाट मुलुंडच्याच रेणूची. पण यीस्टमध्ये नेमकं उलट: तिथे हाच संकेत मंदावला की आयुष्य वाढतं. उपवास म्हणजे एक निरोप नव्हे, हे इथे कळतं. तरी फोर्स्कोलिनच्या कॅप्सूल 'वजन घटवा' म्हणून विकल्या जातात, याचा मला राग येतो.

आयुष्य वाढवण्याबाबत रॅपामायसिन या औषधाचा पुरावा मात्र भक्कम आहे. २००९ साली ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना ते दिलं तरी माद्यांचं आयुष्य १४ आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. पण मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते हेच औषध.

अंधेरी-बोरिवलीतल्या कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं मेटफॉर्मिन स्वस्त आहे, मधुमेहात जुनं आणि विश्वासाचं आहे. मधुमेह नसलेल्यांनी ते तारुण्यासाठी घ्यावं का, हे अमेरिकेत नीर बार्झिलाय यांना ३००० ज्येष्ठांवर तपासायचं आहे. आपल्याकडे मला आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मेटफॉर्मिननं बी-१२ घटतं, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. दुसरी गोष्ट स्नायूंची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४ साली लॅन्सेटमध्ये आलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, दोघांचाही बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या देहात चरबी जास्त, स्नायू कमी. आणि २०१९च्या एका चाचणीत १४ आठवडे वजनं उचलणाऱ्या ज्येष्ठांपैकी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले.

म्हणून साखर ठीक असलेल्या सत्तरीच्या माणसानं ही गोळी स्वतःहून सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. आणि इथे चाचणी झालीच, तर वजन व साखरेबरोबर मुठीची पकड, मांडीचा घेर आणि बी-१२ हेही मोजलं जावं.