जुनी पुरवणी आणि मराठी मजकूर

मुळशी तालुका म्हटला की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, १९२१ साली धरणाविरुद्ध सुरू झालेला आणि सेनापती बापटांनी गाजवलेला सत्याग्रह; दुसरी, हिंजवडीची संगणकनगरी. त्या सत्याग्रहाविषयी तीस वर्षांपूर्वी आम्ही संगणकावर टिपणे केली होती. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून आम्ही नव्या यंत्रावर विंडोज ११ घेतले. टिपणे उघडून पाहतो तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी!

झाले ते असे. पूर्वी लेखनाच्या प्रोग्रॅमला मराठी येत नसे, म्हणून त्याला वरून एक पुरवणी जोडावी लागे. हिलाच हिंजवडीकर एक्स्टेन्शन म्हणतील. आमची पुरवणी १६ बिटांच्या जमान्यातली. ३२ बिटांच्या विंडोजवर ती कशीबशी चाले. विंडोज ११ केवळ ६४ बिटांचे, तेथे ती मुळीच चालत नाही. पण खरी मेख निराळीच आहे. ही पुरवणी मराठी अक्षर साठवीतच नव्हती. ती इंग्रजी अक्षराचा क्रमांक साठवी आणि त्यावर आपल्या फॉन्टमधला मराठी आकार चढवी. फॉन्ट गेला, सोंग उतरले.

जुना फॉन्ट पुन्हा बसवला तर वाचता येते, हे खरे. परंतु त्या मजकुरात एखादे गाव शोधू गेल्यास सापडत नाही. याउलट युनिकोडात मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. कळफलकही आता विंडोजमध्येच असतो. तेव्हा जुन्या पुरवणीच्या जागी नवी पुरवणी विकत घेण्याचे बहुधा कारणच उरत नाही. बदलायचा आहे तो मजकूर.

त्यासाठी परिवर्तक मिळतात. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे नेमके उलट. एवढे बहुतेक परिवर्तकांना साधते. आमच्या परिवर्तकाची फजिती झाली ती ‘ऱ्य’पाशी. त्याने ‘मुळशीच्या दऱ्या’ लिहिण्याऐवजी ‘मुळशीच्या दर्या’ असे लिहिले, आणि सह्याद्रीत समुद्र आणून सोडला! शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही ही चूक दिसत नाही, कारण दर्या हाही शब्दच आहे. आचाऱ्यांचे आचार्यही असेच होतात.

म्हणून मूळ फाइलींची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवावी. जुना फॉन्टही जपावा, कारण ताडून पाहायला तोच लागतो. पुरवणी काढून टाकायची ती सर्वांत शेवटी. आमच्या टिपणांत आता बुडालेली गावे नाव घालताच सापडतात. ‘र्य’ मात्र एकेक करून डोळ्यांनीच तपासावा लागतो, आणि निम्मी टिपणे अजून राहिली आहेत.